पोटातल्या अटी

हेमचंद्र परतूरकर नोंदणी कार्यालयातून निवृत्त झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की, गेली बारा वर्षं आपण बेकायदा स्वयंपाक खातो आहोत.

झालं असं. चौतीस वर्षं या गृहस्थांनी लोकांचे दस्त तपासले. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, भाडेपट्टा. वेलांटी चुकली म्हणून माणसं खुलताबादपर्यंत परत पाठवली, कधी कुणाची गय केली नाही. आता अचानक घरी बसल्यावर हाताशी एकही दस्त नाही. मग त्यांनी घरातलीच कागदपत्रं लावायला काढली. फ्लॅटचं खरेदीखत सापडलं, गॅसचं पुस्तक सापडलं, फ्रिजची तेवीस वर्षांपूर्वी संपलेली हमी सापडली. लग्नाचं प्रमाणपत्रही सापडलं आणि त्यावर बायकोचं नाव बरोबर असलेलं पाहून त्यांना बरं वाटलं. या घराचा ज्याच्या ज्याच्याशी संबंध येत होता, त्या प्रत्येकाशी काही ना काही लिखापढी होती. फक्त एका व्यक्तीशी नव्हती. रोज दोन वेळा येऊन स्वयंपाक करणाऱ्या सरूबाईंशी.

“म्हणजे उद्या त्या आल्या नाहीत तर आपल्याकडे पुरावा काय?” त्यांनी बायकोला विचारलं.

“कशाचा?”

“त्या येत होत्या याचा.”

“तुमचं पोट,” कुमुदताई म्हणाल्या आणि पुन्हा मटार सोलायला लागल्या.

उस्मानपुऱ्यातल्या त्या तीन मजली इमारतीत अशी गोष्ट घरात राहत नसे, कारण तळमजल्यावर कडूबा गायके राहत. फुलंब्रीकडे त्यांची शेती होती, ती आता मुलगा बघायचा. त्यामुळे कडूबांकडे सगळा दिवस मोकळा आणि त्यात सल्ले भरपूर. सकाळी साडेनऊला ते परतूरकरांकडे पेपर वाचायला येत, आणि पेपर उघडेपर्यंत सरूबाई त्यांच्यापुढे चहा ठेवत.

“करार कराच तुमी हेमचंदराव,” कडूबा म्हणाले. “लिखापढी पायजेच. आमच्या चुलत्यानं बांध तोंडी ठरिवला व्हता. तीस वर्सं झाली, अजून बांध कुठंय ते कुनाला ठावं नाय.”

एवढं उत्तेजन पुरेसं होतं. हेमचंद्रांनी नऊ दिवस बसून मसुदा तयार केला. एकतीस कलमं. पोळीचा व्यास सहा इंच, संख्या दर वेळी अठरा. भाजी ‘निवडून, धुऊन, चिरून व शिजवून’. मीठ बेताचं, आणि ‘बेताचं’ म्हणजे काय याची व्याख्या कलम दोनमध्ये. कलम चौदा असं की, कामाच्या वेळेत पक्षकार क्रमांक दोन यांनी बसू नये. हे कलम त्यांना विशेष आवडलं होतं, कारण ते कार्यालयातल्या जुन्या परिपत्रकातून जसंच्या तसं उचललं होतं. आणि शेवटी कलम एकतीस: वर लिहिल्याखेरीज उभयपक्षी कोणतीही तोंडी अट नाही.

करार करायचा आहे हे सरूबाईंनी उभ्यानं ऐकून घेतलं. वय पन्नाशीचं, माहेर खुलताबादचं, बोलणं मोजकं. हेमचंद्रांना वाटलं होतं त्या घाबरतील. त्या म्हणाल्या, “वाचून दावा की मंग समदं.”

आयुष्यात पहिल्यांदाच पक्षकारानं दस्त संपूर्ण वाचून दाखवायला सांगितलं होतं. हेमचंद्रांनी चष्मा पुसला आणि दीड तास वाचलं. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही.

“एवढंच ना?” शेवटी सरूबाईंनी विचारलं. “ह्याच्याभाईर काय नाय?”

“याबाहेर काहीही नाही.”

“बरं,” सरूबाई म्हणाल्या. त्या ‘बरं’मध्ये काय होतं ते कुमुदताईंना कळलं, हेमचंद्रांना कळलं नाही. दस्त वाचणाऱ्या माणसाला स्वर वाचता येतोच असं नाही.

आता नोटरी. अदालत रोडला पत्र्याच्या शेडखाली बसणाऱ्या एका वृद्ध नोटरी वकिलांकडे दोघं गेले. वकिलांनी कागद बाजूला ठेवून आधी ओळखपत्रं मागितली. सरूबाईंच्या आधार कार्डावर सरूबाई होतं, बँकेच्या पुस्तकावर सरस्वतीबाई आणि रेशन कार्डावर शारूबाई.

“या तीन बायका आहेत,” वकील म्हणाले.

“एकच हाय,” सरूबाई म्हणाल्या. “मीच हाय.”

“तसं प्रतिज्ञापत्र लागेल.”

हेमचंद्रांनी मान डोलावली. बरोबरच होतं. त्यांनी स्वतः असंच केलं असतं. त्यांनी लगेच प्रतिज्ञापत्र लिहून दिलं, तिन्ही नावं एकाच बाईची असल्याचं सरूबाईंनी शपथेवर सांगितलं, शिक्का बसला. मग वकिलांनी हात पुढे केला. “तुमचं?”

हेमचंद्रांच्या आधार कार्डावर हेमचंद्र होतं. पॅन कार्डावर इंग्रजीत हेमचंद असं होतं. एक र गेला होता, आणि वीस वर्षांत तो गेल्याचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

“हे दोन गृहस्थ आहेत,” वकील म्हणाले.

“अहो, मी चौतीस वर्षं नोंदणी कार्यालयात—”

“मग तुम्हाला नियम माहीतच असतील.”

वर्तमानपत्रातली जाहिरात, फोटो, दोन साक्षीदार, सगळं जमवून हेमचंद्र हेच हेमचंद आहेत हे सिद्ध व्हायला आणखी दोन दिवस लागले. सरूबाई दोन्ही दिवस बाकावर शांत बसून होत्या. मधेच एकदा त्यांनी धीर दिला, “व्हईल सायेब. माझं झालं ना.”

शेवटी करार झाला. साक्षीदार म्हणून कडूबांनी इतकी लांब सही केली की ती शिक्क्याखाली शिरली. सरूबाईंनी आपली प्रत प्लास्टिकमध्ये बंद करून घेतली आणि एक तारखेला स्वयंपाकघराच्या खिळ्याला अडकवली.

पहिल्या दिवशी अठरा पोळ्या झाल्या. हेमचंद्रांनी पट्टी लावून पाहिली, सहा इंच भरली. दुसऱ्या दिवशी पैठणहून कुमुदताईंचे भाऊ, भावजय आणि त्यांची दोन मुलं अचानक आली. पोळ्या झाल्या अठरा. पाहुण्यांनी पाव खाल्ला. तिसऱ्या दिवशी हेमचंद्रांनी हौसेनं दूध तापत ठेवलं आणि पेपर वाचायला बसले.

“सायेब, दूध वर आलंय,” सरूबाई म्हणाल्या.

“मग बंद करा ना.”

“बगते,” त्या म्हणाल्या आणि खिळ्यावरचा कागद बघितला. तेवढ्यात दूध ओट्यावरून खाली उतरलं. “भाजी, पोळी, वरन, भात. दुधाचं कलम नाय.”

त्यांच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. कपभर राग नाही, चमचाभर टोमणा नाही. कढीपत्ता संपला तर खालच्या अंगणातून चार डहाळ्या आपोआप येत, त्या येईनात. सिलिंडर संपत आलाय हे कुणी सांगेना. चष्मा फ्रिजवर आहे हे कुणी सांगेना. कडूबा साडेनऊला येऊन पेपर उघडत, आणि पेपर संपला तरी पुढे चहा येत नसे. चौथ्या दिवशी त्यांनी खिळ्यावरचा कागद स्वतः वाचला. चहा ‘कुटुंबीयांसाठी’ होता.

“हेमचंदराव,” कडूबा हळूच म्हणाले, “ह्यात माझं काय नाय का कुठं?”

“तुम्ही साक्षीदार आहात.”

“नुसताच?”

हे सगळं हेमचंद्रांनी सोसलं असतं. दस्ताची अंमलबजावणी म्हटली की थोडा त्रास होतोच. पण पाचव्या दिवसापासून त्यांच्या आई जेवेनाशा झाल्या.

यमुनाबाईंना चौऱ्यांशी वर्षं झाली होती. त्यांची एक गोष्ट होती. लग्न होऊन परतूरहून या शहरात पहिल्यांदा येताना बस बंद पडली आणि त्यांनी नवऱ्यासकट सगळं वऱ्हाड एका लिंबाखाली कसं बसवलं, आणि नवरी मुलीनंच चूल मांडून पिठलं कसं केलं, ती गोष्ट. ही गोष्ट त्या रोज सकाळी अकराला सांगत आणि सांगता सांगता जेवत. घरच्या सगळ्यांना ती पाठ होती, म्हणून घरचं कुणीच ऐकत नसे. आता त्या ताटासमोर बसत, दोन घास घेत आणि ताट सरकवत.

कुमुदताईंनी मुगाची खिचडी करून पाहिली. डॉक्टर आले, त्यांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, आणि यांना काही झालेलं नाही असं सांगून टॉनिक लिहून दिलं. शेवटी हेमचंद्र स्वतः आईसमोर बसले.

“आई, सांग तुझी बसची गोष्ट.”

यमुनाबाईंनी सुरुवात केली. बस जालन्याच्या अलीकडे आली, इतकंच झालं होतं. हेमचंद्र म्हणाले, “मग?”

“इथं नाही विचारायचं,” यमुनाबाई म्हणाल्या. “तुला नाही जमत रे.” आणि त्यांनी ताट सरकवलं.

तो अपमान हेमचंद्रांना नोटरीपेक्षा जास्त लागला.

एवढ्यात आणखी एक भानगड झाली. सरूबाईंचा कागद इमारतीतल्या बाकी घरी काम करणाऱ्या बायकांनी पाहिला. दुपारी तीनला बेल वाजली. दारात दुसऱ्या मजल्यावर स्वयंपाक करणाऱ्या आवडाबाई, त्यांच्यामागे तिसऱ्या मजल्यावरच्या साळूबाई, आणि दोघींच्या हातात आधार कार्डं.

“आमालाबी तसला कागद पायजे,” आवडाबाई म्हणाल्या. “पिलास्टिकवाला.”

नाही म्हणायला हेमचंद्रांची जीभ रेटेना. खरं सांगायचं तर त्यांना आतून गुदगुल्या झाल्या. निवृत्तीनंतर प्रथमच कुणी रांग लावून त्यांच्याकडे आलं होतं. त्यांनी दोघींचे करार लिहून दिले, आणि आठवड्याच्या आत इमारतीत जे होऊ नये ते झालं. दुसऱ्या मजल्यावरच्या दीपमाला पवार पार्किंगमधल्या सभेत उभ्या राहून म्हणाल्या, “आमच्या आवडाबाई रोज मोनिकाच्या वेण्या घालायच्या. परवापासून बंद. मला वेणी येत नाही, पोरगी दोन दिवस पोनी बांधून गेली, शाळेतून चिठ्ठी आली.” तिसऱ्या मजल्यावरच्यांचं मांजर उपाशी होतं. कुणाच्या तरी तुळशीनं मान टाकली होती. सगळे हेमचंद्रांकडे बघत होते, आणि हेमचंद्र कार्यालयात गर्दीकडे बघत तसे गर्दीच्या डोक्यावरून मागच्या स्कूटरकडे बघत होते.

घरी येऊन त्यांनी कागद ओढला आणि सरूबाईंना द्यायची नोटीस लिहायला घेतली. ‘आपण पक्षकार क्रमांक एक यांच्या मातोश्रींना जेवू घालण्यात कसूर केली असून...’ इथवर आले तेव्हा त्यांची मुलगी स्वराली कॉलेजातून आली. ती वकिलीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं उभ्या उभ्या नोटीस वाचली.

“बाबा, हे करारात कुठे आहे?”

“लिहिलेलं नाही. पण ते काय लिहायचं असतं? ते आहेच.”

“अच्छा,” स्वराली म्हणाली आणि पर्स ठेवून बसली. “मग तुम्हाला गर्भित अट हवीय.”

कडूबा कोपऱ्यात बिनचहाचा पेपर वाचत बसले होते, त्यांनी कान टवकारले. “कसली?”

“गर्भित. म्हणजे करारात लिहिलेली नसते, पण कायदा ती आहे असं धरतो.”

“म्हंजे गाभण म्हन की,” कडूबा म्हणाले. “वरून दिसत नाय, पर पोटात हाय.”

स्वरालीनं दोन सेकंद विचार केला. “आमच्या सरांनी दोन तास घेतले होते हेच सांगायला.”

मग तिनं समजावलं. काही गोष्टींशिवाय करार चालूच शकत नाही, त्या त्यात असतात. काही गोष्टी त्या धंद्यात किंवा त्या दोघांमध्ये वर्षानुवर्षं चालत आलेल्या असतात, त्याही येऊ शकतात. आणि एक जुनी कसोटी आहे. करार होत असताना समजा शेजारचा कुणी आगाऊ माणूस मधे तोंड घालून म्हणाला असता, “अहो, अमुक अमुक लिहिलं नाही,” आणि दोन्ही पक्ष वैतागून एकदम म्हणाले असते, “ते आहेच हो, त्यात काय लिहायचं,” तर ती अट करारात आहे असं धरायचं.

“आगाऊ मानूस,” कडूबा सावरून बसले. “कायद्यात हाय तो?”

“आहे.”

“मला वाटलंच व्हतं,” कडूबा म्हणाले. “असा मानूस लागतोच.”

“पण एकतिसावं कलम?” हेमचंद्रांनी स्वतःच्याच दस्ताची काळजी केली. “कोणतीही तोंडी अट नाही.”

“तोंडी नाही म्हणालात तुम्ही. ह्या तोंडी नव्हत्याच. ह्या कुणी कधी बोलून दाखवल्याच नव्हत्या.”

हेमचंद्रांचा चेहरा उजळला. “म्हणजे आपली बाजू भक्कम आहे.”

“होती,” स्वराली म्हणाली. “आई, आजी गोष्ट सांगायची तेव्हा सरूबाई काय करत असायच्या?”

“काय करणार? अकराला चहा घेऊन दहा मिनिटं आजींसमोर बसायच्या. ऐकायच्या. मधे मधे म्हणायच्या, मंग?”

“बसायच्या,” स्वराली म्हणाली आणि खिळ्यावरचा कागद काढून बाबांच्या हातात दिला. “कलम चौदा वाचा.”

हेमचंद्रांनी वाचलं. कामाच्या वेळेत पक्षकार क्रमांक दोन यांनी बसू नये.

“कायदा न लिहिलेलं गृहीत धरतो, बाबा. पण लिहून नाकारलेलं गृहीत धरत नाही. दहा मिनिटं तुम्हीच काढून टाकलीत. उभ्या बाईला कोण गोष्ट सांगणार?”

सरूबाई बसतात हेच हेमचंद्रांना ठाऊक नव्हतं. बारा वर्षं सकाळी अकराला ते कार्यालयात असत, कुणाची तरी वेलांटी तपासत; आणि घरी बसल्यावरही त्यांचं डोकं कागदांतच होतं. आपल्या घरात आपल्या आईला रोज कुणीतरी ऐकत होतं, आणि आपण ते एका परिपत्रकातल्या ओळीनं थांबवलं. त्यांनी नोटीस फाडली. नंतर ती लहान लहान फाडली.

दुसऱ्या दिवशी सरूबाई आल्या तेव्हा ते दारातच उभे होते.

“सरूबाई, माझं चुकलं. आपण करार रद्द करू.”

“कामून?” सरूबाई म्हणाल्या.

“म्हणजे? तुम्हालाच तर त्रास—”

“मला तरास व्हतो म्हनून मी कधी बोलले?” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “बसन्याचं कलम आइकलं तवा वाईट वाटलं, खरंय. बारा वर्सांनी सांगता, बसू नका. मंग मी म्हनलं, कागद तर कागद. पर रद्द नाय करायचा.”

आणि त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. तो सातबारा होता. खुलताबादला त्यांच्या वडिलांचं दोन एकर रान. वडील गेल्यापासून सहा वर्षं वारस म्हणून सरूबाईंचं नाव लागत नव्हतं, कारण कुठे सरूबाई होतं तर कुठे सरस्वतीबाई. नोटरीसमोर झालेलं ते प्रतिज्ञापत्र घेऊन त्या परस्परच तलाठ्याकडे जाऊन आल्या होत्या. एकदा नाही, तीनदा. गेल्या आठवड्यात नोंद मंजूर झाली. भावांच्या नावाखाली चौथी ओळ होती: सरूबाई.

हेमचंद्रांनी सातबारा हातात घेतला आणि सवयीनं वेलांट्या, उकार तपासले. सगळे बरोबर होते. “अहो, मग सांगितलं का नाही?”

“कागदात नव्हतं,” सरूबाई म्हणाल्या, आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसल्या. त्यांच्या हसण्यानं कुमुदताई बाहेर आल्या, कुमुदताईंच्या मागून स्वराली आली आणि बघता बघता दारातच पेढ्यांची चर्चा सुरू झाली.

करार ठेवायचा, पण त्याला पुरवणी जोडायची असं ठरलं. यमुनाबाईंच्या खोलीत बैठक बसली, सरूबाई खुर्चीवर. हेमचंद्र लेखणी घेऊन सरसावले. “सांगा, काय काय घालायचं.”

“आजीची गोष्ट,” सरूबाई म्हणाल्या.

“दहा मिनिटं?”

“बस बंद पडली तर दहा. पिठल्यापावेतो गेली तर ईस.”

“कढीपत्ता,” कुमुदताई म्हणाल्या.

“कढीपत्ता मी आनते, पर भाजी झाली की सायबांनी चाखून सांगायचं, कशी झाली. बारा वर्सं ताई सांगतात. सायेब नुसतं जेवतात.”

हेमचंद्रांनी मान खाली घालून लिहिलं: पक्षकार क्रमांक एक यांनी भाजीबद्दल बोलावे. मग चष्मा आला, सिलिंडर आला, दूध आलं. स्वरालीच्या परीक्षेच्या दिवसांतली दही-साखर आली. खुलताबादला जत्रा असली की न सांगता सुट्टी आली, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी न सांगता जास्तीच्या पोळ्या आल्या. कडूबांनी आपला चहा कायद्यातल्या आगाऊ माणसाच्या नात्यानं मागितला, तो मंजूर झाला. मग त्यांनी आपलं काम मनावरच घेतलं. “अन् पाव्हने आले तर? अन् आजारी पडलं तर? अन् कुकरची शिट्टी बिघडली तर?” प्रत्येक प्रश्नाला हेमचंद्र आणि सरूबाई एकदमच म्हणत, “ते हायेच की,” “ते आहेच हो,” आणि एक कलम वाढे.

संध्याकाळपर्यंत चौसष्ट कलमं झाली. यमुनाबाई मधे दोनदा जेवल्या. हेमचंद्रांचा हात दुखायला लागला. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यासमोर असा एकही दस्त आला नव्हता, जो लिहावा तितका अपुरा राहतो.

“राहू द्या सायेब,” शेवटी सरूबाईच म्हणाल्या. “हे तुमाला बी सोसंना अन् मला बी आठवना. एकच लिवा. बाकी सगळं आधीसारखं.”

हेमचंद्रांनी स्वरालीकडे पाहिलं.

“परीक्षेत मी हे लिहिलं तर नापास होईन,” ती म्हणाली. “पण लिहा.”

मग कलम चौदा खोडलं गेलं, चौसष्ट कलमांचा कागद यमुनाबाईंनी आपलं सामान गुंडाळायला मागून घेतला, आणि नव्या कोऱ्या कागदावर एका ओळीची पुरवणी तयार झाली.

दुसऱ्या दिवशी दोघं पुन्हा अदालत रोडला गेले. या वेळी एकाची दोन किंवा तीन माणसं निघाली नाहीत. वृद्ध वकिलांनी ती एकच ओळ वाचली, कागद उलटून मागे काही आहे का ते पाहिलं आणि पुन्हा वाचली.

“आधीसारखं म्हणजे नेमकं कसं?”

हा प्रश्न महिन्यापूर्वी हेमचंद्रांनी स्वतः विचारला असता आणि दस्त परत पाठवला असता. आता ते म्हणाले, “ते आम्हाला माहीत आहे.”

वकिलांनी सरूबाईंकडे पाहिलं.

“ठावं हाय,” सरूबाई म्हणाल्या.

“दोघांनाही कबूल?”

“कबूल.”

वकिलांनी चष्मा कपाळावर सरकवला, दोघांना एकदा नीट न्याहाळलं आणि शिक्का उचलला.

बाहेर ऊन तापलं होतं. हेमचंद्रांनी हात करून रिक्षा थांबवली. दोघं आत बसले, सरूबाईंनी पिशवी मांडीवर घेतली, हेमचंद्रांनी पुरवणीची घडी खिशात ठेवली.

“कहां जाना है चाचा?” रिक्षावाल्यानं विचारलं.

“घरी,” दोघं एकदमच म्हणाले.

रिक्षावाल्यानं आरशातून मागं पाहिलं, जरा वेळ वाट पाहिली, आणि मोठ्या शांतपणे म्हणाला, “वो तो ठीक है चाचा, लेकिन पता तो बोलना पडेगा ना.”